मणक्याच्या हाडातील साधी गाठ: एक्स-रे, सीटी, एमआरआय आणि निदान – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे फक्त मणक्याच्या हाडातूनच निघणाऱ्या, कॅन्सर नसलेल्या गाठींबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. मज्जारज्जूच्या किंवा नसांच्या आवरणाच्या गाठी हा वेगळा विषय आहे. उत्तरे रुग्ण, नातेवाईक आणि चिठ्ठी लिहून देणारे फॅमिली डॉक्टर या सगळ्यांना उपयोगी पडावीत अशा बेताने लिहिली आहेत.

कंबरदुखीसाठी एमआरआय काढला, तर रिपोर्टमध्ये 'हिमॅन्जिओमा' लिहून आलंय. घाबरायचं का?

बहुतेक वेळा अजिबात नाही. मणक्यात सर्वांत जास्त सापडणारी साधी गाठ हीच. शवविच्छेदनाच्या जुन्या अभ्यासांत साधारण १० ते १२ टक्के लोकांच्या मणक्यात ती आढळली होती आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ताही नव्हता. ही रक्तवाहिन्या आणि चरबी यांची गाठ असते. चरबीमुळे ती एमआरआयच्या टी१ आणि टी२ या दोन्ही चित्रांत पांढरी दिसते. सीटीच्या आडव्या कापात जाड झालेल्या हाडाच्या उभ्या काड्यांची टोके पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात, तर एक्स-रेवर त्याच काड्या उभ्या रेघा होऊन येतात. हे चित्र स्पष्ट असेल, तर पुढे कॉन्ट्रास्ट (चित्र उजळवणारे इंजेक्शन), बायोप्सी, दर वर्षी नवा एमआरआय यांतले काहीही लागत नाही. कंबर दुखते ती बहुधा दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण त्याच रिपोर्टमध्ये चार ओळी वर लिहिलेले असते.

'ॲटिपिकल' आणि 'ॲग्रेसिव्ह' हिमॅन्जिओमा यांत फरक काय?

मोठा फरक आहे, आणि हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की रुग्ण विनाकारण भरडला जातो. ॲटिपिकल म्हणजे चरबी कमी, रक्तवाहिन्या जास्त. टी१ चित्रात ती पांढरी दिसत नाही, काळपट दिसते, आणि इथेच दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कॅन्सरची शंका येते. अशा वेळी त्या मणक्याचा साधा सीटी काढावा. ठिपके दिसले तर प्रश्न मिटला. दुसरा उपाय म्हणजे एमआरआयवरच 'इन-फेज, आउट-ऑफ-फेज' ही जोडचित्रे काढणे. दोन-तीन मिनिटांचे काम, इंजेक्शन नको. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे माप) मशीनवर आउट-ऑफ-फेज चित्रात सिग्नल साधारण २० टक्क्यांहून जास्त उतरला, तर हाडाच्या मगजात (अस्थिमज्जेत) चरबी शिल्लक आहे आणि प्रकरण साधे असण्याकडे कल जातो. उलटे मात्र म्हणता येत नाही: सिग्नल उतरला नाही म्हणजे कॅन्सरच, असे नाही. चरबी जवळपास नसलेला हिमॅन्जिओमाही तसाच वागतो.

ॲग्रेसिव्ह म्हणजे गाठ हाडाची कड ओलांडून मज्जारज्जूच्या पोकळीत शिरली आहे. हा प्रकार पाठीच्या भागात, त्यातही डी३ ते डी९ या मणक्यांत जास्त दिसतो. पुढचा सगळा ठोकळा व्यापलेला, गाठ पेडिकलमधून (ठोकळा आणि कमान जोडणाऱ्या हाडाच्या खांबातून) मागच्या कमानीत उतरलेली, कड फुगलेली किंवा तुटलेली, असे दिसले की स्पाइन सर्जनला दाखवायला उशीर करू नये. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आजवर गप्प असलेला हिमॅन्जिओमा अचानक पायांत कमजोरी आणू शकतो. त्या वेळी कॉन्ट्रास्टशिवायचा एमआरआय करता येतो, गॅडोलिनियम, म्हणजे कॉन्ट्रास्टचे औषध, टाळतात.

एक्स-रे नॉर्मल आला. म्हणजे गाठ नाही ना?

असे समजू नका. हाडाच्या आतला जाळीदार भाग साधारण ३० ते ५० टक्के झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेवर पोकळी दिसत नाही. माकडहाडाच्या वरच्या भागात, म्हणजे सॅक्रममध्ये, तर आतड्यातला वायू आणि मळ यांच्या सावल्या मोठमोठ्या गाठीसुद्धा झाकतात.

तरीही एक्स-रे वगळू नये. समोरून काढलेल्या फिल्मवर प्रत्येक मणक्याला दोन डोळ्यांसारखी पेडिकलची गोल वर्तुळे दिसतात. एक 'डोळा' गायब असेल, तर काहीतरी ते हाड खात आहे. बाक किती आहे, मणका किती चेपला आहे, हेही उभ्याने काढलेल्या एक्स-रेवरच नीट कळते. एमआरआय आडवे झोपवून होतो, तिथे बाक कमी दिसतो.

सीटीही आणि एमआरआयही? दोन्हींचा खर्च कशाला?

दोघांची कामे वेगळी आहेत. सीटी हाड दाखवतो: गाठीची कड रेखीव आहे की कुरतडलेली, भोवती पांढरे कुंपण आहे का, आत चुन्याचे ठिपके आहेत का, बाहेरचे कवच शाबूत आहे का. एमआरआय हाडाचा मगज, मज्जारज्जू, नसा, आजूबाजूचे स्नायू आणि पू दाखवतो. गाठीचे नाव बऱ्याचदा सीटी सांगतो आणि तिने केलेले नुकसान एमआरआय सांगतो. सीटी संपूर्ण कण्याचा काढायची गरज नसते. एमआरआयवर जो मणका संशयित आहे तो आणि त्याच्या वरचा-खालचा, एवढाच भाग १ मिमीच्या कापांनी काढला तर रेडिएशनही कमी लागते. लहान मुलांच्या बाबतीत हे आवर्जून सांगून घ्यावे.

डॉक्टर नुसते फोटो बघून गाठ ओळखतात ती कशावरून?

वय, जागा, कड आणि आतला माल. या चार गोष्टींतून यादी आपोआप आखूड होते.

जागा सगळ्यांत बोलकी. मणक्याचा पुढचा ठोकळा आणि मागची कमान यांत वेगवेगळ्या गाठी घर करतात. कमानीत ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, ऑस्टिओब्लास्टोमा, एबीसी (ॲन्युरिझ्मल बोन सिस्ट), ऑस्टिओकाँड्रोमा. पुढच्या ठोकळ्यात हिमॅन्जिओमा, जायंट सेल ट्यूमर, इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा, बोन आयलंड. वय विशीच्या आत आणि गाठ कमानीत असेल तर ती साधी असण्याची शक्यता बरीच. वय पन्नाशीच्या पुढे आणि गाठ पुढच्या ठोकळ्यात असेल तर आधी मेटास्टेसिस (दुसऱ्या अवयवातून पसरलेला कॅन्सर) आणि मायलोमा (मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) नाहीत हे पक्के करावे लागते, मग गाठ कितीही सभ्य दिसो. म्हणून चिठ्ठीवर वय, दुखण्याची वेळ, ताप, वजनातली घट, पूर्वीचा कॅन्सर आणि पूर्वीचा टीबी हे लिहिलेले असावे. 'एलएस स्पाइन एमआरआय, बॅकेक' (कमरेचा एमआरआय, पाठदुखी) एवढ्याच चिठ्ठीवर आलेला रिपोर्ट तितकाच मोघम असतो.

मुलाची पाठ रात्री दुखते, गोळीने तासाभरात थांबते. एमआरआयमध्ये 'सूज, इन्फेक्शनची शक्यता' लिहिलंय. पुढे काय?

१ मिमीच्या कापांचा सीटी, आणि तोही लवकर.

हे वर्णन ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचे आहे. वय साधारण १० ते २५, रात्री वाढणारे दुखणे, आयब्युप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनने झटपट उतार. गाठीचा खरा गाभा, ज्याला निडस म्हणतात, तो सहसा १.५ सेंटिमीटरपेक्षा लहान. पण हा एवढासा दाणा प्रोस्टाग्लँडिन हे सूज आणणारे रसायन सोडतो आणि भोवतालच्या हाडात, शेजारच्या बरगडीत, स्नायूंत अशी सूज उठवतो की एमआरआयवर फक्त सूजच दिसते. नेहमीच्या एमआरआयचे काप ३ ते ४ मिमीचे, मध्ये थोडी फट. निडस त्या फटीत हरवतो. मग रिपोर्टमध्ये इन्फेक्शन, कधी 'मॅलिग्नन्सी', असे येते आणि मुलाला अँटिबायोटिक किंवा थेट टीबीची औषधे चालू होतात. एमआरआय वाईट नाही, पण या एका गाठीत तो दिशाभूल करतो.

सीटीवर बोन विंडोमध्ये (हाड ठळक दिसेल अशा मांडणीत) लॅमिना, म्हणजे कमानीची पाटी, किंवा पेडिकलमध्ये गोल काळा ठिपका, त्याच्या मधोमध कधी चुन्याचा पांढरा कण आणि भोवती दाट हाड असे दिसते. नेमका कोणता मणका बघायचा हे ठरत नसेल, तर बोन स्कॅन मदत करतो, कारण निडस त्यावर ठळक पेटतो. स्पेक्ट-सीटी जोडलेला असेल तर जागा मिलिमीटरमध्ये कळते.

आणखी एक खूण: दुखणारा बाक. साध्या वाढीच्या वयातला स्कोलिओसिस (कण्याचा बाजूला जाणारा बाक) सहसा दुखत नाही. दुखणारा, ताठर बाक असेल तर गाठ बहुधा बाकाच्या आतल्या बाजूला आणि बाकाच्या माथ्याजवळ सापडते. हे निदान सव्वा वर्षाच्या पुढे लांबले तर गाठ काढल्यावरही बाक सरळ न होण्याची शक्यता वाढते. म्हणून 'वाढीचं दुखणं आहे, जाईल' हे उत्तर इथे महाग पडते.

निदान पक्के झाले की सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुई घालून साधारण ९० अंश सेल्सिअसवर ४ ते ६ मिनिटे गाठ जाळता येते. मणक्यात मात्र नस किती जवळ आहे आणि मध्ये हाडाचे कवच शाबूत आहे का, हे आधी सीटीवर मोजूनच ठरते.

ऑस्टिओब्लास्टोमा हा त्याचाच मोठा भाऊ का?

सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारखाच, वागण्यात वेगळा. साधारण २ सेंटिमीटरच्या पुढे गेला की ऑस्टिओब्लास्टोमा म्हणतात. तो वाढत राहतो, कमान फुगवतो, नस दाबतो आणि गोळीने तितका शांत होत नाही. एमआरआयवरची सूज इथेही गाठीपेक्षा कितीतरी मोठी दिसते. ती सगळी गाठच धरून ऑपरेशनचा आराखडा केला तर विनाकारण जास्त हाड जाते. कड ठरवायची ती सीटीवरून.

'फ्लुइड-फ्लुइड लेव्हल' म्हणजे एबीसीच ना?

नेहमी नाही. एबीसी, म्हणजे ॲन्युरिझ्मल बोन सिस्ट, यात रक्ताने भरलेले कप्पे असतात. रुग्ण काही मिनिटे न हलता पडून राहिला की पेशी खाली बसतात, वर पाणी राहते आणि टी२ चित्रात आडवी रेघ दिसते, तीच ही लेव्हल. विशीच्या आतला रुग्ण, कमानीतून पुढच्या ठोकळ्यात शिरलेली फुगीर गाठ, कागदासारखे पातळ कवच असे असेल तर एबीसीची शक्यता मोठी.

पण अशाच रेघा जायंट सेल ट्यूमर आणि ऑस्टिओब्लास्टोमामध्ये येतात आणि टेलँजिएक्टॅटिक ऑस्टिओसार्कोमा या कॅन्सरमध्येही येतात. म्हणून कॉन्ट्रास्ट द्यावाच. नुसत्या पातळ भिंती उजळल्या तर ठीक. जाड, ओबडधोबड घट्ट भाग उजळला तर बायोप्सीची सुई नेमकी त्या भागात जायला हवी. कप्प्यातले रक्त ओढून पाठवले, तर पॅथॉलॉजिस्टकडून 'फक्त रक्त' असा रिपोर्ट येतो आणि दोन आठवडे वाया जातात.

सॅक्रममध्ये मोठी गाठ आहे, वय ३२. जायंट सेल ट्यूमर म्हणतात. आणखी कोणत्या तपासण्या?

मणक्यांमध्ये या गाठीची आवडती जागा सॅक्रमच, वय साधारण २० ते ४५. सीटीवर कड आहे पण भोवती पांढरे कुंपण नाही, आत चुना नाही. टी२ चित्रात ती अपेक्षेपेक्षा काळपट दिसते. दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली: रक्तातले कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन. पॅराथायरॉइडच्या आजारातला 'ब्राउन ट्यूमर' स्कॅनवर आणि बायोप्सीतही हुबेहूब असाच दिसतो, आणि त्याचे औषध गळ्यातल्या ग्रंथीत आहे, सॅक्रममध्ये नाही. काही शे रुपयांची रक्ततपासणी मोठे ऑपरेशन वाचवू शकते. दुसरी: छातीचा सीटी. गाठ साधी असूनही थोड्या रुग्णांत ती फुप्फुसात उतरते.

पाच वर्षांच्या मुलीचा एक मणका बिस्किटासारखा चपटा झालाय. वरच्या-खालच्या गाद्या मात्र ठीक आहेत.

इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा, म्हणजे लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस, हे नाव पहिले येते. गाद्या शाबूत आणि मागची कमान शाबूत ही त्याची खूण. हा आजार इतर हाडांतही असू शकतो, म्हणून संपूर्ण शरीराची तपासणी लागते: हाडांचे एक्स-रे, संपूर्ण शरीराचा एमआरआय किंवा पेट स्कॅन, जे उपलब्ध असेल ते. एकच मणका असेल तर बऱ्याच मुलांत पट्टा आणि निरीक्षणावर भागते, आणि वाढीबरोबर मणक्याची उंचीही बरीच भरून येते. मात्र ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आणि ईविंग सार्कोमा (हाडाचा कॅन्सर) यांतही मणका चपटा होतो. तेव्हा रक्ताची तपासणी आणि शंका असल्यास बायोप्सी टाळू नये.

टीबी की गाठ? दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या.

आपल्याकडे हा प्रश्न रोजचा आहे, आणि दोन्ही बाजूंनी चुका होतात.

नेहमीचा टीबी गादीला लागून असलेल्या दोन्ही मणक्यांच्या कडा खातो, गादीची उंची कमी करतो, मणक्याशेजारी पातळ, गुळगुळीत भिंतीचा पू साठवतो आणि तो पू लिगामेंटखालून दोन-तीन मणके खाली उतरतो. गाठ सहसा एका मणक्यापुरती राहते आणि गादी वाचते. एवढे दिसले तर निवाडा सोपा. पण टीबी कधी फक्त ठोकळ्याच्या मध्यात किंवा फक्त मागच्या कमानीत बसतो, गादीला हातही लावत नाही. तेव्हा तो गाठीसारखाच दिसतो. उलट एबीसी आणि जायंट सेल ट्यूमर क्वचित शेजारच्या मणक्यात शिरतात.

म्हणून नुसत्या एमआरआयवर 'सहा महिने एकेटी (टीबीची औषधे) घेऊन बघू' हा मार्ग धरू नये. औषधे चालू झाली की पुढच्या नमुन्यात जंतू सापडण्याची शक्यता घटते, आणि गाठ असेल तर तिला तेवढे महिने मोकळे रान मिळते. सुईने नमुना घ्या आणि त्याचे दोन वाटे करा: एक फॉर्मेलिनमध्ये, हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी), दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी). सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये टाकणे ही सर्रास होणारी चूक आहे. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होतच नाही. ऑपरेशन थिएटरबाहेर थांबलेल्या नातेवाईकाने 'दोन बाटल्या आहेत ना?' एवढे विचारले तरी उपयोग होतो. सोबत संपूर्ण कण्याचे स्क्रीनिंगही करून घ्यावे, कारण टीबी मध्ये काही मणके सोडून दुसरीकडेही असू शकतो.

मणक्यात 'स्क्लेरोटिक लेजन', म्हणजे पांढरा ठिपका. वडिलांना प्रोस्टेटचा त्रास आहे.

बोन आयलंड असेल तर तो सीटीवर एकसारखा घट्ट पांढरा, काटेरी कडेचा असतो आणि कड शेजारच्या हाडात विरत जाते. बोन स्कॅनवर तो सहसा पेटत नाही. सीटीवर घनता मोजता येते: सरासरी ८८५ हाउन्सफिल्ड युनिटच्या वर आणि कमाल १०६०च्या वर असेल तर बोन आयलंडकडे झुकते माप. आकडा कमी आला म्हणजे कॅन्सर सिद्ध झाला असे नाही, आणि कॅन्सरचे उपचार आधी झाले असतील तर हा नियम लागू करू नये, कारण बरा होणारा मेटास्टेसिसही घट्ट पांढरा होतो. वडिलांच्या बाबतीत पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, हवीच. जुना सीटी किंवा एक्स-रे घरात असेल तर तो शोधा. पाच वर्षांपूर्वीही ठिपका तेवढाच असेल तर त्यासारखा पुरावा नाही. सहा महिन्यांत व्यास २५ टक्क्यांहून वाढला, तर मात्र बायोप्सी.

पेट स्कॅनमध्ये गाठ 'हॉट' आली. मग कॅन्सरच ना?

नाही. जायंट सेल ट्यूमर, ऑस्टिओब्लास्टोमा, इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा, फायब्रस डिस्प्लेशिया आणि टीबी हे सगळे पेटवर जोरात पेटतात. नुसत्या एसयूव्ही (गाठ किती पेटली याचे माप) आकड्यावर साधी गाठ आणि कॅन्सर वेगळे करता येत नाहीत. पेटचा खरा उपयोग आणखी कुठे काही आहे का आणि सुई कुठे घालावी, हे ठरवण्यापुरता.

बायोप्सीने गाठ पसरते का? ती कुठे करावी?

जिथे पुढचे ऑपरेशन होणार आहे, तिथेच. सुईची वाट सर्जनच्या चिरेच्या रेषेत असायला हवी, म्हणजे गाठ काढताना ती वाटही काढता येते. बायोप्सीची धास्ती घेऊन ती टाळण्यापेक्षा, चुकीच्या वाटेने झालेल्या बायोप्सीची काळजी करावी. सीटीखाली, बहुधा पेडिकलमधून, ११ ते १४ गेजची सुई वापरतात. आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) १.५च्या आत आणि प्लेटलेट ५०,०००च्या वर लागतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. स्पष्ट हिमॅन्जिओमा, बोन आयलंड किंवा सीटीवर ठळक निडस असलेला ऑस्टिऑइड ऑस्टिओमा असेल तर निदानासाठी सुई लागत नाही.

दुसरे मत घ्यायला मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जाणार असाल, तर रिपोर्टचा कागद पुरत नाही. पॅथॉलॉजी लॅबकडून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक मागून घ्या. स्कॅनच्या डायकॉम फाइल (मूळ डिजिटल चित्रे) सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. खिडकीशी धरलेल्या फिल्मचा व्हॉट्सॲप फोटो बघून कोणीही जबाबदारीने काही सांगू शकत नाही.

एमआरआयच्या आधी काय तयारी?

पेसमेकर, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडी कण: यांतले काही असेल तर आधी सांगा. लेथवर किंवा वेल्डिंगचे काम करणाऱ्यांनी शेवटचे विसरू नये. कॉन्ट्रास्टचा नेहमीचा डोस किलोमागे ०.१ मिलिमोल, अनेक औषधांत तो किलोमागे ०.२ मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिली होतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर क्रिएटिनीन आधी तपासतात, ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या कामाचे माप) ३०च्या खाली असल्यास पुन्हा विचार करतात. स्कॅनला ३० ते ४५ मिनिटे लागतात. लहान मुलांना झोपेचे औषध द्यायचे असेल तर ६ तास अन्न नाही, २ तास पाणीही नाही.

रिपोर्टमध्ये डी८, सर्जन म्हणतात डी९. कोण बरोबर?

दोघेही बरोबर असू शकतात, मोजणी वेगळी झाली आहे. काहींच्या कमरेत पाचऐवजी सहा किंवा चार मणके असतात, बरगड्यांची एखादी जोडी जास्त-कमी असते. फक्त पाठीचा तुकडा स्कॅन केला तर मोजायला टोक मिळत नाही. मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून खाली मोजता येईल असे संपूर्ण कण्याचे एक लांब चित्र घेतलेले असले की वाद मिटतो. ऑपरेशनच्या आधी हा वाद मिटलेलाच हवा.

कधी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं?

पायांत नव्याने कमजोरी, चालताना तोल जाणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, बसण्याच्या जागी बधिरपणा. यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी तातडीचा एमआरआय. रविवार असो की दिवाळी.

गाठ काढली, टायटॅनियमचे स्क्रू बसवले. आता एमआरआय होतो का?

होतो. टायटॅनियम मशीनला खेचले जात नाही, पण स्क्रूभोवती चित्र विस्कटते. सेंटरला आधी सांगा, म्हणजे धातूची बाधा कमी करणाऱ्या सीक्वेन्सची तयारी ते ठेवतात. या कामाला ३ टेस्लापेक्षा १.५ टेस्लाचे मशीन बरे, 'जास्त टेस्ला म्हणजे जास्त चांगले' हे इथे उलटे पडते. गाठ परत येण्याची शक्यता असलेल्या प्रकारांत काही सर्जन कार्बन फायबरचे स्क्रू वापरतात ते याचसाठी. एबीसी परत येते ती बहुधा पहिल्या दोन वर्षांत, म्हणून त्या काळात दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी ठेवतात. ऑपरेशननंतर साधारण ३ महिन्यांनी काढलेला पहिला स्कॅन जपून ठेवा, कारण पुढचा प्रत्येक स्कॅन त्याच्याशीच ताडून बघितला जातो.